‘हंबीर’ या नावाचा अर्थ काय, आणि ते लिहावे-वापरावे कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात मुलगा झाला आहे आणि आईवडिलांच्या मनात त्याचे नाव ‘हंबीर’ ठेवायचे आहे. बाळांच्या नावांच्या एका यादीत अर्थ सापडला ‘हंसासारखा वीर’. एका काकांनी सांगितले, ‘हंबरणारा, म्हणजे गर्जना करणारा’. मुलाच्या आत्याने मात्र कुठेतरी ऐकले आहे की शब्द मुळात अरबी आहे, आणि म्हणून तिला हे नाव नको आहे. यात खरे काय? हे नाव की पदवी? लिहायचे हंबीर, हंबिर, हम्मीर की हंबीरराव?

गेली बरीच वर्षे मी मोडी कागद वाचतो आहे आणि त्यातली विशेषनामे हा माझ्या खास जिव्हाळ्याचा विषय आहे. त्यामुळे उत्तर लांबेल. पण एवढा प्रवास केलेले नाव दोन ओळींत उरकणे मला जमणार नाही.

आधी निकाल सांगतो. आत्याची माहिती बरोबर आहे. तिने त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

‘हंबीर’चे मूळ अरबी ‘अमीर’. अरबीत ‘अम्र’ म्हणजे आज्ञा, आणि ‘अमीर’ म्हणजे आज्ञा देणारा, सेनेचा किंवा प्रांताचा मुख्य. आज आपण ‘अमीर’ श्रीमंत या अर्थाने वापरतो, तो नंतर चिकटलेला अर्थ आहे. याच शब्दाचे अनेकवचन ‘उमरा’, ज्याचा मराठीत ‘उमराव’ झाला. म्हणजे ‘अमीर-उमराव’ असे आपण म्हणतो तेव्हा एकच शब्द एकवचनात आणि अनेकवचनात असा दोनदा उच्चारत असतो. ‘अमीरजादा’ आखडून ‘मिर्झा’ झाला. म्हणजे पुरंदरच्या तहातले मिर्झाराजे जयसिंग आणि स्वराज्याचे सेनापती हंबीरराव यांच्या नावांतले पहिले शब्द एकाच घरातले. समुद्रापलीकडे गेलेला याच घराण्यातला शब्द म्हणजे ‘ॲडमिरल’. शब्द कुठे कुठे संसार थाटतात हे पाहिले की मला अजूनही भारावून जायला होते.

आता त्या दोन व्युत्पत्तींकडे वळू, कारण त्या फार पसरल्या आहेत. ‘हंसासारखा वीर’ हा अर्थ कुठून आला असावा याचा अंदाज करता येतो. हंबीरराव मोहित्यांचे मूळ नाव हंसाजी. ‘हंसाजी’मधला ‘हं’ घेतला, पुढे ‘वीर’ जोडला, की अर्थ तयार. पण हंसाजी मोहिते जन्मण्याच्या कित्येक शतके आधीपासून हे नाव भारतभर वावरत होते, तेव्हा हंसाचा इथे काही संबंध नाही. ‘हंबरणे’ तर निराळ्याच घरचे. गाईच्या ‘हंबा’ या आवाजावरून आलेले ते क्रियापद आहे. ध्वनी जुळला म्हणून नाते जुळत नाही. आणि हंबरण्यात वात्सल्य असते, गर्जना नसते, हे गोठा पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

‘अमीर’चा ‘हंबीर’ झाला कसा? शब्दाच्या आरंभीच्या स्वरापुढे ‘ह’ येऊन बसणे आपल्याकडच्या भाषांना नवीन नाही. संस्कृत ‘ओष्ठ’ मराठीत ‘ओठ’ राहिला, हिंदीत ‘होंठ’ झाला. तसा ‘अमीर’चा ‘हमीर’ झाला. संस्कृत लिहिणाऱ्यांनी त्याला वजन देऊन ‘हम्मीर’ केले. मग ‘म’च्या शेजारी ‘ब’ ओढून आणण्याची आपल्या जिभेची जुनी खोड कामाला आली. आम्रचा आंबा, ताम्रचे तांबे, अम्लावरून आंबट ही तिचीच उदाहरणे. या शब्दांत ‘म’ला लागून ‘र’ किंवा ‘ल’ आहे, ‘हम्मीर’मध्ये तसे नाही, म्हणून केवळ या सवयीवर सगळा भार टाकता येणार नाही. माझ्या मते इथे ‘वीर’ या शब्दाची ओढ जास्त महत्त्वाची आहे. काही शिलालेखांत हे नाव ‘हंवीर’ असेच लिहिलेले आहे. लिहिणाऱ्याने परका शब्द ऐकला आणि त्याच्या शेवटी आपला ओळखीचा ‘वीर’ त्याला ऐकू आला. म्हणजे यादीतल्या अर्थात ‘वीर’ आला तो अगदीच निराधार नाही. फक्त ती व्युत्पत्ती नव्हे, तो कानाने केलेला संस्कार आहे.

आता या प्रवासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. इथे थोडा वेळ थांबू या.

दिल्ली घेतल्यावर महंमद घोरीच्या नावाने तिथे जी नाणी पाडली गेली, त्यांचा साचा जुनाच होता : एका बाजूला बसलेला नंदी, दुसऱ्या बाजूला भाला घेतलेला घोडेस्वार. काबूल-ओहिंदच्या हिंदू शाही राजांपासून ही धाटणी चालत आलेली, तोमर आणि चौहानांनीही तीच वापरलेली. पृथ्वीराजाच्या नाण्यावर घोडेस्वाराच्या बाजूला त्याचे नाव असे. घोरीच्या नाण्यावर नंदीकडे नागरीत सुलतानाचे नाव आले आणि घोडेस्वाराकडे ‘श्री हमीरः’. नागरी लिपी, मागे ‘श्री’, पुढे विसर्ग आणि मधोमध अरबी ‘अमीर’. इल्तुत्मिशच्या काळापर्यंत आणि त्यानंतरही ही अक्षरे नाण्यांवर येत राहिली. ज्या माणसाने तो छाप कोरला त्याच्यासाठी ‘हमीर’ म्हणजे सत्ता ज्याच्या हाती आहे तो. या ठिकाणी एक तुलना करण्यासारखी आहे. त्याआधी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी महमूद गझनवीने लाहोरकडे पाडलेल्या चांदीच्या नाण्यांवर कलम्याचा चक्क संस्कृत अनुवाद आहे, ‘अव्यक्तमेकं मुहम्मद अवतार’ अशी त्याची सुरुवात. तिथे अर्थाचे भाषांतर केले होते. ‘हमीरः’मध्ये भाषांतर नाही, शब्द जसाच्या तसा आत घेतला आहे आणि त्याला विभक्ती लावली आहे. शब्दाला विभक्ती लागली की तो पाहुणा राहत नाही.

त्याच सुमाराच्या संस्कृत लेखनात मात्र ‘हम्मीर’ हा शत्रू आहे. कनौजच्या गाहडवाल राजांच्या ११०९ च्या ताम्रपटात गोविंदचंद्राने हम्मीराला वैर सोडायला लावल्याचा अभिमान आहे. महोब्याच्या एका शिलालेखात बुंदेलखंडातल्या चंदेल घराण्याचा राजा धंग याच्याबद्दल म्हटले आहे की पृथ्वीला भार झालेल्या हंवीराशी तो बाहुबळात बरोबरीचा होता. गुजरातेत १२३० च्या आसपास जयसिंहसूरी या जैन पंडिताने नाटक लिहिले, त्याचे नावच ‘हम्मीरमदमर्दन’. वाघेल्यांचा मंत्री वस्तुपाल दिल्लीच्या सुलतानाची स्वारी कशी परतवतो, हा त्याचा विषय. या साऱ्यांत ‘हम्मीर’ हे कुणा एकाचे नाव नाही. गझनीचा असो की दिल्लीचा, परका बलाढ्य सत्ताधीश म्हणजे हम्मीर.

आणि मग काय होते पाहा. ज्या चंदेल घराण्याच्या लेखात हंवीर पृथ्वीचा भार होता, त्याच घराण्यात तेराव्या शतकाच्या अखेरीस एक राजा गादीवर येतो, त्याचे नाव हम्मीरवर्मा. आणि ‘हम्मीरमदमर्दन’ लिहून जेमतेम पन्नास वर्षे होतात तोच, १२८३ च्या सुमाराला, रणथंभोरच्या गादीवर चौहान कुळातला हम्मीरदेव बसतो. पृथ्वीराजाच्याच वंशातला. आपल्या मुलाचे नाव ठेवताना त्याच्या वडिलांच्या कानावर ‘हम्मीर’ हा शब्द शत्रू म्हणून पडत नव्हता, हे उघड आहे. शूर, बलाढ्य, आज्ञा चालवणारा एवढाच अर्थ त्यात उरला होता.

या हम्मीरदेवाने नावाला जो अर्थ दिला तो पुढे कायमचा चिकटला. अलाउद्दीन खिलजीच्या सैन्यातून फुटून आलेल्या मंगोल सरदारांना त्याने आसरा दिला. त्यांना परत देण्याची मागणी झाली, त्याने नाकारली, वेढा पडला आणि १३०१ मध्ये तो लढता लढता पडला. शरण आलेल्याला सोडायचे नाही यासाठी त्याने राज्य घालवले. उत्तरेत ‘हमीर हठ’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला, आणि पुढे नयचंद्रसूरी या जैन कवीने त्याच्यावर ‘हम्मीरमहाकाव्य’ रचले. मेवाडात चितोड परत मिळवून सिसोदियांची गादी उभी करणारा राणाही हम्मीरच, चौदाव्या शतकातला. ओडिशात गजपती कपिलेंद्रदेवाचा दक्षिणेच्या मोहिमा गाजवणारा मुलगा हंवीर. आणि बंगालात, विष्णुपूरच्या मल्ल घराण्यात, अकबराच्या काळातला राजा वीर हंबीर : अगदी आपल्या मराठी रूपातच. श्रीनिवास आचार्यांच्या वैष्णव ग्रंथांची गाडी त्याच्या माणसांनी लुटली आणि मग तोच त्यांचा शिष्य झाला, असे परंपरा सांगते. विष्णुपूरचा विटांचा रासमंच त्याने बांधला. आजही तो पाहायला मिळतो.

म्हणजे सतराव्या शतकात महाराष्ट्रात हा शब्द आला तेव्हा त्याच्या पाठीशी चौहान, सिसोदिया, गजपती आणि मल्ल अशी परंपरा होती.

आता आपल्याकडे येऊ. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत सरनौबत प्रतापराव गुजर पडले. त्यांचेही मूळ नाव वेगळे, कुडतोजी. ‘प्रतापराव’ हा महाराजांनी दिलेला किताब. त्यांच्या जागी महाराजांनी निवडले ते कऱ्हाडजवळच्या तळबीडचे हंसाजी मोहिते. सभासद बखरीत सांगितले आहे की हंसाजी पागेत जुमलेदार होते आणि त्यांना ‘हंबीरराव’ हा किताब देऊन सरनौबती सांगितली. तेव्हा तुमच्या ‘नाव की पदवी’ या प्रश्नाचे मराठीपुरते उत्तर असे : सर्वांत प्रसिद्ध हंबीरराव हे जन्मनाव नव्हे, किताब आहे. पण असा किताब की ज्याने जन्मनाव पुसून टाकले. राज्याभिषेकाच्या वेळी सेनापती म्हणून नाव येते ते हंबीरराव मोहिते असेच. आज शंभरातल्या किती जणांना ‘हंसाजी’ सांगता येईल?

आता मुद्दा राज्याभिषेकाचा. त्याच काळात फारसी शब्द काढून संस्कृत शब्द रूढ करण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न झाला. रघुनाथपंत हणमंत्यांच्या देखरेखीखाली ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. नीट पाहा : ‘डबीर’ गेला, ‘सरनौबत’ गेला, आणि त्या नव्या ‘सेनापती’ पदावर बसलेल्या माणसाचा किताब मात्र ‘हंबीरराव’च राहिला. परके शब्द वेचून काढायला बसलेल्या पंडितांनाही त्यात परके काही जाणवले नसावे, असे माझे मत आहे. पाचशे वर्षांत शब्द इतका मुरला होता. आत्याला सांगायचे ते एवढेच. शब्दाचा जन्म अरबस्तानात झाला हे खरे, पण तो आपल्यापर्यंत आला तो रणथंभोरच्या वाटेने. स्वराज्याच्या सेनापतीला शिवाजी महाराजांनी स्वतः दिलेला किताब परका मानायचा असेल, तर मराठीतली निम्मी मानाची नावे परत करावी लागतील. जेध्यांकडचा ‘सर्जेराव’ घ्या. ‘सर्जा’ हा फारसी ‘शर्झा’, म्हणजे सिंहासारखा उग्र. कवी भूषण शिवरायांनाच ‘सरजा’ म्हणतो. आणि १६८७ मध्ये वाईच्या लढाईत हंबीरराव तोफेचा गोळा लागून पडले, तेव्हा समोर मोगलांकडून लढणाऱ्या सरदाराचे नाव होते सर्जाखान. नावांच्या बाजूने पाहिले तर दोन्हीकडे एकाच मुशीतले शब्द उभे होते. लढाई राज्यासाठी होती.

या माणसाविषयी आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती नावाच्या अर्थात मोजली पाहिजे. सोयराबाई ही हंबीररावांची बहीण, राजाराम भाचा. शिवाजी महाराजांच्या मृत्यूनंतर १६८० मध्ये काही प्रधानांनी राजारामांना गादीवर बसवले. सख्खा मामा सेनापती आहे, म्हणजे सैन्य आपलेच, असे त्यांना वाटले असेल तर नवल नाही. हंबीरराव संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले. पुढच्याच वर्षी बुऱ्हाणपूरच्या स्वारीत ते आघाडीला होते. त्यांची मुलगी म्हणजे महाराणी ताराबाई, जिने नंतर औरंगजेबाला अखेरपर्यंत झुंजवले. ‘हंबीर’चा अर्थ कोशात शोधण्याआधी मी या चरित्रात शोधतो. रणथंभोरचा हम्मीर शब्दासाठी अडून बसला; तळबीडच्या हंबीररावांनी रक्ताच्या नात्यापेक्षा हक्काच्या वारसाला मान दिला.

आता लिहिण्याचे. प्रमाण मराठीत ‘हंबीर’, बी दीर्घ. अकारान्त मराठी शब्दांत शेवटून दुसरा इकार दीर्घ लिहितात, त्या नियमानेही आणि मूळ ‘अमीर’मधल्या दीर्घ ई मुळेही. ‘हंबिर’ असे काही जुन्या कागदांच्या छापील प्रतींत दिसते, त्याचे कारण मोडी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकाराचा भेद पाळत नाहीत, मग लिप्यंतर करणाऱ्याने जे ठरवले ते छापले जाते. मोडीत अनुस्वारही पुष्कळदा गळतो, त्यामुळे ‘हबीरराव’ असे वाचायला मिळते. ते वेगळे नाव समजू नका. शब्दही सलग लिहिलेले, त्यात दोन ‘र’ शेजारी, म्हणून एक ‘र’ सुटून ‘हंबीराव’ होणे नेहमीचे. तुम्ही लिहिताना दोन्ही ‘र’ ठेवा : हंबीरराव. उच्चारात अनुस्वार ‘म्’ होतो, हम्बीर. पण ‘म्’ वेगळा काढून लिहायची गरज नाही. ‘हम्मीर’ आणि ‘हमीर’ ही चुकीची रूपे नव्हेत, ती उत्तरेकडची आहेत. रणथंभोरच्या राजाविषयी लिहिताना हम्मीर, तळबीडच्या सेनापतीविषयी हंबीर, असा भेद पाळला तर वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. कल्याण थाटातला राग मात्र ‘हमीर’, त्याला सहसा कुणी ‘हंबीर’ म्हणत नाही.

प्रत्यय लावताना गरीब-गरिबाला, अमीर-अमिराला असे आपण सामान्य नामाचे करतो. माणसाच्या नावाचे तसे करू नका. हंबीरला, हंबीरने, हंबीरचा. ‘हंबिराला’ असे केले की नाव पुन्हा सामान्य नाम होऊन बसते. राव जोडला की आदरार्थी अनेकवचन : हंबीररावांनी, हंबीररावांना.

बाळाचे नाव ‘हंबीर’ ठेवावे की ‘हंबीरराव’? माझा कौल ‘हंबीर’ला. ‘राव’ हा मान आहे, तो लोकांनी लावायचा असतो. जन्मदाखल्यावर ‘हंबीर’ लिहा, गावाकडची माणसे आपसूक ‘हंबीरराव’ म्हणायला लागतील. घरात हाक मारायला ‘हंबीर’ पुरेसे सुटसुटीत आहे आणि ते तोडून मोडून लहान करावे लागत नाही. हंबीर हे आडनाव म्हणूनही महाराष्ट्रात आढळते, तेव्हा फॉर्म भरताना नावाच्या आणि आडनावाच्या रकान्यांची अदलाबदल होऊ शकते. पहिल्या कागदापासून एकच क्रम आणि एकच लेखन ठेवा, ‘बी’सकट. इंग्रजी अक्षरांत लिहिताना ‘म’साठीचेच अक्षर घ्या, ‘न’साठीचे नको, नाहीतर शाळेत त्याचे ‘हन्बीर’ होईल.

तुमच्यासारखा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी काहींकडे घराण्याचे जुने कागद असतात, म्हणून एक सूचना. कागदात ‘हंबीरराव’ दिसले की ते मोहिते सेनापतीच असे लगेच ठरवू नका. आधी तारीख पाहा. १६७४ च्या आधीचा कागद असेल तर तो माणूस सेनापती हंबीरराव असूच शकत नाही, कारण त्याआधी ते हंसाजी होते. १६८७ नंतरचा असेल तर तेही गेलेले. मधल्या तेरा वर्षांतला असेल, तर आडनाव, हुद्दा आणि कागद कुठला, या तीन गोष्टी जुळल्या तरच पुढे जा. माझ्याकडे एक गृहस्थ मोठ्या आशेने एक पत्र घेऊन आले होते. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की ते सेनापतींचे. पत्रातला फसली सन, म्हणजे महसुलाच्या कामासाठीची जुनी कालगणना, इसवीत बदलून पाहिला, तर ते पेशवाईतले निघाले. त्यातले हंबीरराव त्यांच्याच घराण्यातले एक पाटील होते आणि पत्र विहिरीच्या पाण्याच्या वाटणीचे होते. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. मग मी त्यांना पूर्ण पत्र वाचून दाखवले, त्यातली शेतांची नावे त्यांनी ओळखली, आणि ते ‘पुन्हा वाचा’ म्हणाले.